चिखलदऱ्याला जाल तेव्हा गाविलगडही पाहा



डिसेंबर लागला की शाळेच्या स्टाफरूममध्ये दोनच विषय असतात, स्नेहसंमेलन आणि सहल. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या शाळांची सहल ठरलेल्या तीन-चार ठिकाणीच जाते. लोणारचे सरोवर, वेरूळ-अजिंठा, दौलताबाद आणि मुलांनी फारच हट्ट धरला तर चिखलदरा. गेल्या वर्षी हट्ट जिंकला. आमच्याकडे उर्दू आणि मराठी, दोन्ही माध्यमांचे वर्ग आहेत. दोन्हीकडची मुले एकाच एसटीत बसली.

सहल ठरली की माझे खरे काम सुरू होते, ते मुलींच्या घरी जाण्याचे. "बाजी, रात्रीचा मुक्काम आहे. थंडी असते म्हणतात. मुलगी कधी घराबाहेर राहिलेली नाही," असे एकेक अम्मी सांगत असते आणि दाराआडून मुलगी माझ्याकडे आशेने बघत असते. मी वाद घालत नाही. कोण कुठे झोपणार, कोणत्या शिक्षिका सोबत असणार, जेवण कुठे आणि नमाजची सोय कशी, हे सगळे सांगते. कुरआनात जमिनीवर फिरा आणि आपल्या आधी होऊन गेलेल्यांचे काय झाले ते पाहा, असे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. ते फक्त मुलांसाठी आहे असे कुठे म्हटलेले नाही, एवढेच मी वर जोडते. बहुतेक अम्मी हसतात आणि पैसे भरतात.

यंदा सुट्टीत मुलांना कुठे न्यावे असे काही भगिनींनी विचारले आहे, म्हणून हा महिना चिखलदऱ्याला दिला. पण चिखलदऱ्याचा जो अर्धा भाग लोक न पाहताच परततात, त्याच्याविषयीच जास्त लिहिणार आहे.

आधी जे सगळे पाहतात ते. परतवाड्याहून घाट सुरू होतो आणि साधारण तीस किलोमीटरच्या चढात हवा पार बदलते. खाली कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीची शेते, वर सागाचे जंगल. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. सकाळी दरीतून धुके वर येते तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा फक्त आवाज ऐकू येतो. भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट ही ठिकाणे तर आहेतच, शिवाय महाराष्ट्रात क्वचित दिसणारे कॉफीचे मळेही इथे आहेत. इथली रबडी खाल्ल्याशिवाय कोणी परतत नाही आणि परतूही नये. आजूबाजूच्या मेळघाटात कोरकू आदिवासींची गावे आहेत. १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रजाने हे ठिकाण 'शोधले' असे पर्यटनाच्या माहितीत लिहिलेले असते. कोरकू आणि गवळी लोक त्याआधी शेकडो वर्षे तिथेच राहत होते, पण त्यांनी काही शोधले असे कुणी लिहीत नाही!

त्याच रॉबिन्सनच्या वीस वर्षे आधी इंग्रजांची फौज याच डोंगरावर आली होती. ती हवा खायला आली नव्हती. गावापासून जवळच, दरीच्या पलीकडच्या डोंगरमाथ्यावर गाविलगड पसरलेला आहे. बहुतेक कुटुंबे पहिल्या दरवाज्यापर्यंत जातात, फोटो काढतात आणि रबडीकडे वळतात. आम्ही मुलांना घेऊन आत गेलो.

आत गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच भांडण झाले.

एका दरवाज्यावर दगडात कोरलेला दोन डोक्यांचा पक्षी आहे. त्याने पंजांत हत्ती पकडले आहेत. मी तो दाखवत होते, तेवढ्यात आठवीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हा किल्ला मुसलमान बादशहाने बांधला ना? म्हणजे हा आपला." त्याच्यामागून दुसरा म्हणाला, "पण लढले ते भोसल्यांचे लोक. म्हणून हा आमचा." दोघेही एका बाकावरचे, डबाही वाटून खाणारे. किल्ल्यात पाऊल टाकताच त्यांचे 'आपला' आणि 'आमचा' वेगळे झाले. हे मुलांच्या डोक्यात शाळेतून आलेले नाही. मोबाइलवर रोज सकाळी जो इतिहास घरोघरी पोचतो त्यातून ते आले आहे, आणि तो आपल्या घरांतही तेवढाच पोचतो.

मी सगळ्यांना सावलीत बसवले आणि त्या पक्ष्यापासूनच सुरुवात केली.

हा गंडभेरुंड. विजयनगरच्या राजांचे हे चिन्ह होते आणि आज कर्नाटक सरकारच्या मुद्रेतही तो आहे. मग तो वऱ्हाडातल्या किल्ल्यावर कसा आला? गाविलगडचे दगडी बांधकाम १४२५ च्या सुमाराचे. ते बहमनी सुलतान अहमदशहा वली याने केले. त्याआधी इथे गवळ्यांची मातीची गढी होती असे सांगतात आणि किल्ल्याचे नाव त्यावरूनच पडले. पुढे बहमनी फौजेने विजयनगरवरच्या स्वारीत एक लहान मुलगा पकडून आणला. फिरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे तो ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला होता. वऱ्हाडच्या सुभेदाराकडे तो मुसलमान म्हणून वाढला, स्वतः वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० च्या सुमारास अचलपूरला स्वतंत्र इमादशाही सुरू केली. त्याचे नाव फतहुल्लाह इमादुल्मुल्क. त्याने १४८८ मध्ये या किल्ल्याची दुरुस्ती केली. त्याच्या घराण्याच्या खुणेत हा कर्नाटकातला पक्षी आहे. लहानपणी घरातून उचलून नेलेल्या माणसाला आपल्या मुलखातले काय आठवत होते, याचा विचार तुम्हीच करा, असे मी मुलांना म्हणाले.

नंतर किल्ला निजामशाहीकडे गेला, मग मोगलांकडे. 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यांची, यादी आहे. तीत गाविल आहे, नरनाळा आहे आणि आपले मेहकरही आहे. मोगलांनंतर काही काळ वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल चाले. वसुलीत दोघांचा हिस्सा, म्हणून त्याला दोअमली म्हणत. गाविलगड मात्र भोसल्यांच्या ताब्यात होता.

आता १८०३ साल. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात एका बाजूला शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगाव-सिरसोलीच्या मैदानात दुसरी मोठी लढाई झाली. संग्रामपूर, हिवरखेड, अकोट या रस्त्याने तुम्ही गेला असाल तर त्या मैदानाजवळूनच गेला आहात. कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली होता. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा आणि त्यानंतर इंग्लंडचा पंतप्रधान होणारा.

अडगावला हरलेल्या भोसल्यांच्या पायदळातले बरेच लोक गाविलगडावर आले. किल्लेदार होता बेनीसिंग नावाचा राजपूत. वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन अचलपूरला आले, अडगावच्या जखमींसाठी तिथे दवाखाना उघडला आणि ७ डिसेंबरला दोघे दोन वाटांनी निघाले. दक्षिणेकडून किल्ला घेणे जवळजवळ अशक्य होते. ती वाट उभ्या चढाची आणि अरुंद. म्हणून वेलस्ली दक्षिणेकडे लक्ष गुंतवायला थांबला आणि स्टीव्हन्सन डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या लबाडा गावाकडे निघाला. त्याच्याजवळ जड लोखंडी तोफा होत्या आणि रस्ता नव्हता. सुमारे तीस मैल डोंगर-दऱ्यांतून सैनिकांनी आधी वाट फोडायची आणि मग तिच्यावरून तोफा ओढायच्या, असे पाच दिवस चालले. आपण ज्या घाटात उलटीची गोळी घेऊन बसतो, त्याच डोंगररांगांत हे झाले.

१२ तारखेच्या रात्री तोफा रोवल्या. १३ ला मारा सुरू झाला. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडारे पडली. १५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला. बाहेरचा किल्ला पडला, पण गाविलगड एकात एक असा आहे. आतल्या किल्ल्याचा तट शाबूत होता आणि मध्ये घळ होती. शेवटी स्कॉटलंडच्या ९४ व्या पलटणीतला कॅप्टन कॅम्पबेल काही माणसांनिशी शिडी लावून तो तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. आतले लोक वायव्येच्या दरवाज्याने निसटायला धावले, तर तिथे कंपनीची दुसरी तुकडी उभी होती. दरवाज्यांपाशी सर्वांत जास्त माणसे मारली गेली. बेनीसिंगचे प्रेत दरवाज्याजवळच, मेलेल्यांच्या ढिगात सापडले.

मुले गप्प झाली होती. मघाचा तो मुलगा आपण टेकलेल्या भिंतीकडे बघू लागला. मग मी विचारले, की आता सांगा, इंग्रजांच्या बाजूने कोण कोण लढत होते? त्यांना वाटले इंग्रज. स्कॉटलंडच्या पलटणी होत्याच, पण फौजेत जास्त भरणा होता तो मद्रासकडच्या शिपायांचा, तेलुगू आणि तमिळ बोलणाऱ्या हिंदूंचा आणि त्यांच्या बरोबरीने कितीतरी मुसलमानांचा. निजाम कंपनीचा मित्र होता, त्यामुळे हैदराबादची फौज होती. म्हैसूरचे घोडदळ होते. काही मराठा घोडदळही वेलस्लीच्या बाजूने होते. समोर भोसल्यांच्या बाजूने राजपूत किल्लेदार, त्याचे पायदळ, आणि आधी अडगावला तर इंग्रजांनी 'इराणी' म्हणून नोंदवलेली एक मोठी तुकडी, जी स्कॉटिश पलटणींवर तुटून पडली आणि जवळजवळ सगळीच्या सगळी कापली गेली.

"म्हणजे मॅडम, दोन्हीकडे दोन्ही होते?"

"हो."

नववीतली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, "म्हणजे ज्याचा पगार, त्याची बाजू." तिचे वडील पुण्याला एका कंपनीत सुरक्षारक्षक आहेत. मला तिच्या उत्तरात काही भर घालावीशी वाटली नाही. सुभेदार, किल्लेदार, राजे यांची बाजू असते. मद्रासहून पायी चालत आलेल्या शिपायाची आणि अडगावहून जीव घेऊन गडावर चढलेल्या भोसल्यांच्या शिपायाची बाजू म्हणजे महिन्याचा पगार आणि घरी वाट पाहणारी माणसे, एवढीच असते. तोही बऱ्याचदा थकलेला असायचा.

आपल्या घरांत किल्ल्यांविषयी दोन प्रकारे बोलले जाते. एक तर अभिमानाने, की आमच्या बादशहांनी काय बांधले बघा. नाहीतर अगदी उदास होऊन, की तो सगळा इतिहास आता दुसऱ्यांचा झाला, आपल्याला काय त्याचे. मला दोन्ही पटत नाही. दगड कुणी रचले आणि कुणी कर वसूल केला एवढ्यावरच आपण किल्ला वाटून घेऊ लागलो, तर मेलेल्या माणसांसाठी वाटणीत काही उरत नाही. आणि गाविलगडावर मेलेल्यांची संख्या फार मोठी आहे.

किती मोठी, हे मात्र सांगता येत नाही. याचेच मला सर्वांत वाईट वाटते. कंपनीने आपले मेलेले आणि जखमी झालेले मोजले. दोन्ही मिळून दीडशेच्या आत. किल्ल्यातले मेलेले कुणी मोजले नाहीत. वेलस्लीच्या खलित्यात ते 'फार मोठ्या संख्येने' मारले गेले एवढेच येते. नावे तर दूरच. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या दिवशी हल्ल्याच्या तुकडीबरोबर खिंडारातून आत शिरला होता. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला, ज्याच्या नावाचे कॉलेज मुंबईत आहे तोच हा. आपल्याकडच्या कुणा शिपायाने त्या दिवसाचे वर्णन लिहून ठेवलेले माझ्या वाचनात आलेले नाही.

आणि बायका. गड पडतो आहे हे दिसल्यावर काही राजपुतांनी आपल्या बायका-मुलींना आपल्याच हातांनी मारायला घेतले, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे की बारा-चौदा जणींपैकी तिघी मेल्या. बाकीच्या वाचल्या, त्यातल्या काही जखमी होत्या. वेलस्ली त्यांना भेटला आणि त्यांना सन्मानाने वागवले गेले. म्हणजे ज्या भीतीपोटी त्या तिघींना मारले, ती भीती त्या दिवशी तरी खरी ठरली नाही. त्यांना कुणी विचारले होते का? त्यांतली एखादी माझ्या नववीतल्या मुलींएवढीही असेल. हे मी मुलांना सांगावे की नाही याचा मी आदल्या रात्री बराच विचार केला होता. सांगितले. मुलींनी एकमेकींचे हात धरले. आबरूच्या नावाखाली मुलीचा जीव तिला न विचारता घेता येतो ही कल्पना दोनशे वर्षांपूर्वीच्या राजपुतांबरोबर संपलेली नाही, हे आपण सगळे जाणतो.

जर्मनीत आल्प्सच्या डोंगरात ओबरझाल्झबर्ग नावाचे फार सुंदर ठिकाण आहे. बर्फाची शिखरे, हिरवी कुरणे. तिथे हिटलरने आपले घर बांधले आणि आजूबाजूच्या रहिवाशांना हुसकावले. युद्धाचे कितीतरी निर्णय त्या खिडकीसमोरचे डोंगर बघत घेतले गेले. एप्रिल १९४५ मध्ये त्यावर बॉम्ब पडले आणि १९५२ मध्ये उरलेले अवशेष पाडून टाकले. लोक मात्र डोंगर बघायला येतच राहिले. शेवटी १९९९ मध्ये तिथे एक केंद्र उभारले, जिथे त्या जागी काय ठरले आणि त्यामुळे कोण मेले हे कागदपत्रांसह दाखवले जाते. माणसे आधी ते पाहतात, मग डोंगर बघत कॉफी पितात. गाविलगडची आणि हिटलरची तुलना मी करत नाही, दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. पण निसर्ग बघायला आलेल्या माणसाला 'इथे हेही झाले' असे सांगितल्याने सहल बिघडत नाही, एवढे त्यातून दिसते. गाविलगडच्या हल्ल्यावर इंग्रजीत बर्नार्ड कॉर्नवेलची एक गाजलेली साहसकादंबरी आहे, १९९९ चीच. लंडनमधल्या वाचकाला हा गड माहीत असतो आणि चिखलीच्या मुलाला नसतो.

लढाईनंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावला भोसल्यांनी तह केला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाला मिळाला. १८५३ मध्ये निजामाकडून तो इंग्रजांकडे आला. शिंद्यांचा तह ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला झाला. हे अंजनगाव तुमच्या वाटेवरच आहे, पानमळ्यांचे. तिथल्या चौकात चहा प्यायला थांबाल तर मुलांना जरूर सांगा, पाठ्यपुस्तकातला तो तह इथलाच.

आपल्या जिल्ह्याला या युद्धाने काय दिले? १८०३-०४ चा भयानक दुष्काळ. पाऊस नव्हता हे खरे, पण वर्षभर इकडून तिकडे फिरणाऱ्या फौजा, त्यांची जनावरे आणि त्यांचे लुटारू यांनी जे होते तेही नेले. जिजाऊंच्या सिंदखेडला मुक्काम असताना वेलस्लीने लिहिले आहे की गाव चोरांचा अड्डा झाला आहे, माणसे शेकड्यांनी उपाशी मरत आहेत आणि मदत करायला सरकार म्हणून कुणी नाही. ज्याने युद्ध जिंकले त्याने हे लिहिले आहे.

आता जाणाऱ्यांसाठी थोडे. बुलडाण्याहून पहाटे फजरनंतर लगेच निघा, पाच-सहा तास धरा. गाविलगड दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, पहिल्या दिवशी थकवा असतो. आत बरेच चालावे लागते, म्हणून मुलांना चपला नकोत, बूट हवेत. पाणी सोबत न्या. तलाव दिसतील, पण ते पिण्याचे पाणी नाही. किल्ल्याच्या उंच भागातल्या मोठ्या मशिदीपर्यंत जरूर जा. कमानी अजून उभ्या आहेत, मिनारासारख्या छत्रीची दगडी जाळी पाहण्यासारखी आहे आणि तिथून सारा वऱ्हाड खाली पसरलेला दिसतो. १८५८ मध्ये तात्या टोपे इथे ठाण मांडील या भीतीने इंग्रजांनी किल्ला मोडून टाकला, त्यामुळे बरीच पडझड आहे. तटाच्या कडेला मुलांना सोडू नका. भिंतींवर कोळशाने आणि खिळ्यांनी कोरलेली नावे दिसतील. त्यात आपल्या मुलांचे नाव असता कामा नये, ना मशिदीवर, ना दरवाज्यावर. बिर्याणीचे डबे आणि प्लास्टिकच्या पिशव्या परत घेऊन या, खाली जंगल वाघांचे आहे.

आणि दिवस निवडता आला तर १५ डिसेंबरच्या आसपासचा निवडा. सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेच्या तटाजवळ उभे राहा. त्या वेळेला धुके बहुधा उठलेले असते आणि स्टीव्हन्सनच्या तोफा ज्या बाजूने आल्या तो डोंगर नीट दिसतो.